कुलूप कोणासाठी?

कुलूप हे चोरासाठी असते, आत असलेल्या माणसासाठी नव्हे. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला हे ठाऊक होते. त्याचा अडसर बाहेरच्याला दाद देत नसे. आतल्याने मात्र हाताने सरकवला की वाट मोकळी होई. आजच्या शाळा, कचेऱ्या आणि सदनिका यांच्या दारांना या साध्या तत्त्वाचा विसर पडत चालला आहे.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, हा त्यामागील हेतू. १४६ जीव गेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मरण पावले, ते मुख्यतः धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा तेथे मोकळ्या नव्हत्या.

चोरापासून रक्षण हवे, तर आगीचा धोका पत्करलाच पाहिजे काय? कुलपाची रचना पाहिली, तर तसे मुळीच नाही. लायनस येल याने १८६१ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीच्या कुलपात किल्लीचे दाते आतील खिट्ट्या नेमक्या उंचीवर उचलतात. मग गोल गाभा फिरतो आणि जीभ चौकटीच्या खाचेतून मागे सरते. ही सारी परीक्षा बाहेरच्या माणसाची. आतल्या बाजूला जिभेशी थेट जोडलेली मूठ बसवली, की किल्लीचे कारण उरत नाही. खरा धोका आहे तो दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या कुलपात, आणि आतून लोंबणाऱ्या टाळ्यात.

गर्दीच्या जागी मूठही अपुरी पडते. इंग्लंडमधील संडरलंड येथे १८८३ साली अडकवून ठेवलेल्या दारापाशी चेंगरून १८३ मुले मेली. त्यानंतर, १८९२ साली, तेथे अंगाच्या रेट्याने उघडणाऱ्या कडीचे पेटंट घेतले गेले. दारावरील आडवी दांडी ढकलली की दार उघडते, ती याच विचाराची. आगरोधक दाराला मात्र आणखी एक काम असते. ते आपोआप मिटून खाचेत घट्ट बसले पाहिजे, तरच धूर अडतो. अशा दाराखाली पाचर ठोकणे म्हणजे ते काढून टाकण्यासारखेच आहे.

निर्गमनाचे दार त्या बाजूने किल्लीवाचून उघडता आले पाहिजे, असे २०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. तरीही मागच्या जिन्याची किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपाई चहाला, ही स्थिती अपवादाची नव्हे. शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी तपासणी अधिकाऱ्याची वाट का पाहावी? एखाद्या भर कामाच्या दुपारी त्या दारापाशी जाऊन ते रिकाम्या हाताने उघडते का, एवढे पाहावे. उघडले नाही, तर ते दार नव्हे, भिंत आहे. आणि भिंतीवर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी लावणे ही शुद्ध फसवणूक होय.