दोन संगणक, एक तार : घरगुती संगणकांमधील थेट माहिती-हस्तांतरण

बीजसंज्ञा : नेटवर्क केबल, आयपी पत्ता, सामायिक फोल्डर, पडताळणी

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या युगात संगणक हा कुटुंबाच्या स्मृतींचा आणि व्यवहारांचा सांभाळकर्ता बनला आहे. लग्नसमारंभाची छायाचित्रे, घराची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, प्रबंधाची टिपणे असा कित्येक वर्षांचा संचय एकाच हार्ड डिस्कवर साठलेला असतो. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या निमित्ताने नवा संगणक घेणाऱ्यांपुढे हा संचय सुरक्षितपणे हलविण्याचा प्रश्न उभा राहतो. पेन ड्राइव्हने अनेक खेपा कराव्या लागतात. शिवाय तो ‘फॅट-३२’ पद्धतीचा असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. इंटरनेटद्वारे पाठविल्यास एकाच टेबलावरील दोन संगणकांमधली माहिती दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. या दोन्हींना पर्याय म्हणजे दोन संगणक एका नेटवर्क केबलने थेट जोडणे. तार, पत्ता आणि परवानगी या तीन पायऱ्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या पद्धतीचे विवेचन केले आहे.

तार

नेटवर्क केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १० व १०० मेगाबिट वेगाच्या जुन्या पद्धतीत संगणक १ व २ क्रमांकाच्या तारांवरून माहिती पाठवितो आणि ३ व ६ क्रमांकाच्या तारांवरून स्वीकारतो. दोन संगणक साध्या केबलने जोडले, तर दोघेही एकाच जोडीवर बोलतात आणि दुसऱ्या जोडीवर दोघेही केवळ ऐकत राहतात. म्हणून पूर्वी या दोन जोड्यांची अदलाबदल केलेली ‘क्रॉसओव्हर’ केबल वापरावी लागे. १९९९ साली प्रमाणित झालेल्या गिगाबिट पद्धतीत चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना वहन होते, आणि अशा उपकरणांत जोड्यांची जुळणी बहुधा आपोआप होते. त्यामुळे दोहोंपैकी एक जरी संगणक गिगाबिट क्षमतेचा असला, तरी सहसा साधी केबल पुरते.

वेगातील फरक लक्षणीय आहे. १०० जीबी माहितीस १०० मेगाबिट वेगाने किमान २ तास १३ मिनिटे लागतात. गिगाबिट वेगाने हेच काम तत्त्वतः साडेतेरा मिनिटांत होते. प्रत्यक्षात जुन्या हार्ड डिस्कची मंद गती आणि हजारो लहान फाइली यांमुळे हा काळ वाढतो.

पत्ता

तार जोडल्याने संवाद सुरू होतोच असे नाही. घरातील राउटर प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता देतो. थेट जोडणीत राउटर नसतो. अशा वेळी संगणक काही क्षण वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. अन्यथा पत्ते हाताने द्यावेत : एकास १९२.१६८.५०.१, दुसऱ्यास १९२.१६८.५०.२ आणि दोहोंस सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी ठेवावी. घरातील वाय-फाय जी पत्त्यांची मालिका वापरते, ती येथे टाळावी; नाहीतर कोणत्या मार्गाने माहिती पाठवायची याबाबत संगणकाचा गोंधळ होतो.

परवानगी

बहुतेकांचे प्रयत्न अडतात ते या तिसऱ्या पायरीवर. राउटर नसलेल्या जोडणीस विंडोज ‘अनोळखी नेटवर्क’ समजते आणि सार्वजनिक गटात टाकते. परिणामी फायरवॉल फाइलींची देवाणघेवाण अडविते. अशा वेळी फायरवॉल पूर्णपणे बंद करण्याचा मोह होतो, तो टाळावा. फक्त फाइल-सामायिकीकरणास मुभा द्यावी, आवश्यक तेवढाच फोल्डर सामायिक करावा आणि पासवर्ड असलेल्या खात्यानेच प्रवेश घ्यावा.

ही सावधगिरी अनाठायी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस फाइल-सामायिकीकरणाच्या ‘एसएमबी-१’ या जुन्या नियमावलीच्या अंमलबजावणीतील त्रुटीतून जगभर पसरला. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसविलेल्या विंडोजमध्ये ही नियमावली सहसा आढळत नाही. ‘विंडोज एक्सपी’ला मात्र तीच एक नियमावली समजते, म्हणून तार व पत्ता बिनचूक असूनही एक्सपीचा संगणक नव्या संगणकाशी बोलू शकत नाही. अशा वेळी जुनी नियमावली पुन्हा सुरू करण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकास जोडणे अधिक सुरक्षित ठरते.

पडताळणी

फाइली ‘कट’ न करता ‘कॉपी’ कराव्यात, कारण मध्येच वीज गेल्यास मूळ प्रत शाबूत राहते. हस्तांतरणानंतर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा आणि काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. मराठी वापरकर्त्यांस येथे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. वस्तुतः फाइल बिघडलेली नसते. म्हणून मजकुरासोबत त्याचे फॉन्टही, परवान्याच्या मर्यादेत, नव्या संगणकावर बसवावेत अथवा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

समारोप

थेट जोडणीत माहिती घराबाहेर जात नाही आणि इंटरनेटचा खर्चही होत नाही. अपयश आल्यास तार, पत्ता आणि परवानगी याच क्रमाने तपासणी केली असता दोष बहुधा सापडतो. तथापि फाइल नव्या संगणकावर पोहोचली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती तेथे उघडते व वाचता येते याची खात्री होईपर्यंत जुनी हार्ड डिस्क पुसू नये किंवा भंगारात देऊ नये. केबल पुन्हा विकत घेता येते. पुसला गेलेला कौटुंबिक संचय बहुधा परत मिळत नाही.