ऐपतीप्रमाणे पराक्रम: सॅम कोलिअर स्मृतिशर्यत

मृताचे स्मारक उभारावयाचे म्हटले की शिळा, पुतळा, फार तर एखादी धर्मशाळा एवढीच आपल्या कल्पनेची धाव. परंतु अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात 1950 सालच्या अखेरच्या दिवशी, ज्या छंदापायी एका तरुण गृहस्थाने प्राण गमावला होता, त्याच छंदाचा सहा तासांचा सोहळा त्याच्या नावे मांडण्यात आला. ‘सॅम कोलिअर स्मृतिशर्यत’ हे तिचे नाव. कोणत्याही विजेतेपदाच्या मालिकेत तिची गणना नव्हती, तिच्या निकालावर कोणाच्याही गुणांची बेरीज अवलंबून नव्हती. आणि तरीही सेब्रिंगच्या ज्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीला आज जगभरचे मोटारवाले मान देतात, तिचा उगम या गुणहीन, परंतु निर्गुण खास नसलेल्या, स्पर्धेत आहे.

कोलिअर घराणे मोठ्या ऐश्वर्याचे. वडील बॅरन कोलिअर यांनी ट्रामगाड्यांतील जाहिरातींच्या धंद्यात अमाप द्रव्य मिळवले, दक्षिण फ्लोरिडात अफाट जमीनजुमला केला, आणि 1923 साली तेथील एका नव्या परगण्याला त्यांचेच नाव मिळाले. त्यांचे पुत्र सॅम व माइल्स यांचा जीव मात्र युरोपीय धर्तीच्या, वळणावळणांच्या रस्त्यांवरील शर्यतींत गुंतलेला. अमेरिकेत त्या काळी धंदेवाईक चालक प्रायः अंडाकृती धावपट्ट्यांवर घिरट्या घालत. या बंधूंनी 1933 साली मित्रांसमवेत हौशी लोकांचे निराळे मंडळ काढले आणि ते 1941 पर्यंत चालवले. पुढे जून 1950 मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे, ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिक मित्राच्या पथकातून, कॅडिलॅकची जवळजवळ बाजारी स्वरूपातलीच बोजड गाडी चोवीस तास हाकून या दोघा भावांनी दहावा क्रमांक मिळवला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 23 सप्टेंबरला, न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेनच्या सार्वजनिक रस्त्यांवर कनिंगहॅम यांचीच फेरारी 166 चालवीत सॅम सर्वांच्या पुढे असताना गाडी रस्ता सोडून गेली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी हा कुलदीपक मालवला.

स्मृतिशर्यतीला जागा मिळाली ती सेब्रिंगजवळच्या हेंड्रिक्स फील्ड या विमानतळावर. युद्धकाळात येथे बी-17 या अवजड बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना शिक्षण दिले जाई, आणि तळाला नाव होते ते 1941 साली इंग्लंडमध्ये विमान-अपघातात निधन पावलेल्या लेफ्टनंट हेंड्रिक्स यांचे. म्हणजे एका स्मारकाच्या भूमीवर दुसरे स्मारक उभे राहावयाचे होते. रशियात जन्मलेले विमान-अभियंते अ‍ॅलेक उलमान यांचा युद्धातून उरलेल्या विमानांशी व्यवहार असे. त्या निमित्ताने हिंडताना या रित्या पडलेल्या विस्तीर्ण धावपट्ट्या त्यांच्या नजरेत भरल्या. त्यांनी धावपट्ट्या आणि आतले रस्ते जोडून साडेतीन मैलांचे एक आवर्तन मुक्रर केले. जमीन सपाट खरी, पण सिमेंटच्या लाद्यांमधील प्रत्येक सांध्यावर चाके आदळत, आणि तो हादरा चालकाच्या मणक्यापर्यंत पोचे.

या शर्यतीचा खरा विशेष तिच्या नियमांत होता. जो सर्वाधिक अंतर कापील तो विजयी, असा सरळ हिशेब येथे नव्हता. ल माँच्या प्रघाताला अनुसरून प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे एक अंतर नेमून दिले जाई, आणि त्या नेमल्या अंतरापेक्षा जी गाडी प्रमाणाने अधिकात अधिक पुढे जाईल तिच्या गळ्यात माळ पडे. पुण्या-मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतीत तगड्या घोड्याच्या पाठीवर जादा वजन चढवतात, त्यातलाच हा न्याय. मात्र येथे ओझे लादले जाई ते मैलांचे.

या न्यायाचे मर्म ओळखणारा एक चतुर माणूस तेथे हजर होता. टँपाचे व्हिक शार्प आपल्या क्रॉस्ली हॉट शॉट या चिमुकल्या गाडीत बसून सेब्रिंगला आले होते ते निव्वळ तमाशा पाहावयास, असे सांगतात. ती गाडी पाहून टॉमी कोल या चालकाच्या ध्यानी आले, की नियमांच्या तराजूत हीच जड ठरेल. गाडी तरी कशी? दारे नाहीत, दिवे बॉनेटपुढे उघड्यावर उभे, जादा चाक पाठीशी बाहेरच अडकवलेले. इंजिन अवघे 724 घनसेंटिमीटरचे आणि शक्ती साडेसव्वीस अश्वांची. सिनसिनाटीत रेडिओ बनवून गबर झालेल्या पॉवेल क्रॉस्ली यांच्या कारखान्यातली ही गाडी मध्यमवर्गीयाच्या ऐपतीतली होती. तिची काच उतरवली गेली आणि फ्रिट्झ कोस्टर व राल्फ डेशाँ यांच्या हाती ती सोपवण्यात आली. फेरारी आणि कॅडिलॅक इंजिनाच्या अ‍ॅलार्ड गाड्या तिला मागे टाकून गर्जत जात, अंतरही त्यांनी अर्थातच अधिक कापले. क्रॉस्ली मात्र ताशी सुमारे 52 मैलांच्या सरासरीने, न थकता, अंधार पडल्यावरही धावत राहिली आणि स्मृतिशर्यतीची मानकरी ठरली.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. 15 मार्च 1952 रोजी सेब्रिंगची पहिली बारा तासांची शर्यत झाली. 1953 साली जागतिक स्पोर्ट्सकार विजेतेपदाची पहिलीवहिली फेरी येथेच भरली, आणि डिसेंबर 1959 मध्ये उलमान यांनी फॉर्म्युला वनची ग्रां प्रीही येथे आणली. या वैभवात कोलिअर यांचे नाव शीर्षकातून गळाले. सॅमची ती फेरारी मात्र, माइल्स यांच्या त्याच नावाच्या पुत्राने स्थापलेल्या रेव्ह्ज इन्स्टिट्यूट या नेपल्समधील संग्रहालयात, वडिलोपार्जित परगण्यातच आहे.

आता कोणी म्हणेल की नाव गेले, तर स्मारक कसले? उत्तर धावपट्टीवरच आहे. सेब्रिंगला आजही अतिवेगवान आणि मंद वर्गांच्या गाड्या एकाच वेळी, एकाच वाटेवर सोडतात, प्रत्येक वर्गाचा विजेता निराळा निवडतात, आणि पगारी चालकांच्या शेजारी पदरमोड करून उतरणाऱ्या हौशी माणसालाही जागा ठेवतात. माणसाचा पराक्रम त्याच्या ऐपतीच्या मापाने मोजावा, हा 1950 चा दंडक रूप पालटून टिकला आहे. आणि हवी ती गाडी विकत घेऊ शकणाऱ्या घराण्यातल्या हौशी चालकाच्या नावाने त्या दंडकाचा सेब्रिंगला आरंभ व्हावा, यापरते उचित स्मारक कोलिअर परगण्याच्या सगळ्या जमिनीवरही उभे राहिले नसते.