पागडीची खोली घेण्याआधी

मुंबईत गिरगाव, लालबाग, दादर अशा भागांत पागडीची खोली मिळते आहे असे कळले, की घरात पहिली चर्चा होते ती भाड्याची. महिन्याला दोन-तीनशे रुपये! एवढ्या पैशांत हल्ली चार माणसांच्या घराचे आठवड्याचे दूध येत नाही. मुलाची नोकरी मुंबईत, नाहीतर यजमानांची बदली तिकडे. मग ठेवी मोडून, दागिने गहाण टाकून पागडीची रक्कम उभी करायला माणसे निघतात.

पण भाडे इतके कमी का, हे आधी विचारावे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी जवळजवळ गोठवून टाकली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे, पण मुळात शंभर रुपये भाडे असेल तर चार टक्क्यांनी वाढून वाढणार किती? एवढ्या भाड्यात गच्चीची गळती काढणे मालकाला परवडत नाही आणि त्याची इच्छाही नसते. तेव्हा कमी भाडे आणि मोडका कठडा ही जुळी भावंडे समजा.

जागा बघायला गेलो की आपण बायका ओटा, मोरी आणि खिडकीतला वारा बघतो. ते बघावेच. पण खोलीला रंग काढून ती दाखवायला सजवता येते, जिन्याला तसे करता येत नाही. म्हणून जिन्यापासून सुरुवात करा. लाकडी पायरी पायाखाली दबते का? तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत जाते तिथे, भुसा पडलेला दिसतो का? ओल आणि वाळवी तिथेच आधी शिरते. लोखंडी तुळया असतील तर गंजाचे पापुद्रे सुटलेत का ते बघा. मग थेट वर जा. वरच्या मजल्याचे छत ओले असेल तर आज ना उद्या ते पाणी खाली उतरणारच. खाली आल्यावर इमारतीच्या मागच्या बाजूला जा, संडासाचे नळ तिकडेच असतात. भिंतीतून पिंपळ उगवलेला असेल, तर तिथे पाणी मुरते आहे हे सांगायला इंजिनिअर नको. आणि सज्जाखाली लाकडी टेकू लावलेले असतील, तर ते कधी लावले ते विचारा. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे तसेच राहतात.

पाण्याच्या वेळेला मुद्दाम एक चक्कर मारा. नळाला जोर किती, सामायिक संडासाला रांग किती, हे दुपारी तीन वाजता कळत नाही. त्याच वेळी मजल्यावरच्या बायका भेटतात; मालक दुरुस्तीला पैसे मागतो का, मागच्या पावसात काय पडले, हे त्यांच्याइतके खरे कुणी सांगणार नाही.

आता कागद. पागडीत आपण खोली विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेतो. तो हक्क भाडेपावतीवर असतो. पावती कुणाच्या नावाने आहे, खोली देणारा तोच आहे का, वीजबिल कुणाच्या नावे, सगळे ताडून पाहा. पावती वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आणि व्यवहार धाकट्या दिराशी, असे प्रकार फार. कायद्याने भाडेकरू वारल्यावर हक्क त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. उद्या कुणी विधवा वहिनी ‘मी इथेच राहत होते’ म्हणून उभी राहिली तर?

१९९९ च्या कायद्याने पागडीची देवघेव कायदेशीर केली. पण मालकाच्या संमतीशिवाय केलेला व्यवहार हे तुम्हाला बाहेर काढायचे कारण होऊ शकते. प्रथेप्रमाणे मालक रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. त्याची लेखी संमती, नोंदणी केलेला करार आणि आपल्या नावाची नवी पावती एकदमच मिळायला हवी. ‘पावती पुढच्या महिन्यात मेहताजी देतील’ यावर पैसे देऊ नयेत. शक्य तर पावतीवर पतिपत्नी दोघांचीही नावे घालायला सांगा. मेहताजी कुरकुर करतील, करू देत.

खोली घेऊन कुलूप लावायचा विचार असेल तर तो सोडा. योग्य कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरली तर मालक ती परत मागू शकतो.

एका मोठ्या खोलीत मधे भिंत घालून ‘अर्धी तुमची’ असे कुणी म्हणाले तर जास्तच जपा. मुंबई शहरातल्या, म्हाडा ज्यांचा उपकर घेऊन दुरुस्ती करते त्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर नव्याने तयार केलेला भाडेकरूहक्क धरला जात नाही. नवी इमारत उभी राहील तेव्हा आपला अर्धा भाग हिशेबातच नसेल! जुनाच हक्क रीतसर नावावर करून घेणे वेगळे. ‘इथे लवकरच टॉवर होणार’ या आश्वासनावर मात्र भाव वाढवून देऊ नका. त्या वाटेकडे डोळे लावून म्हाताऱ्या झालेल्या बायका प्रत्येक चाळीत आहेत.

इमारत उपकरातली आहे का आणि तिला धोकादायक म्हणून नोटीस आली आहे का, हे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात विचारा. उपकरातली नसेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात. महापालिका इमारतींचे वर्ग करते, त्यात ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती इमारत धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी म्हाडा दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जाहीर करते. व्यवहार एप्रिल-मेमध्ये ठरत असेल, तर ती यादी बाहेर पडेपर्यंत इसार देऊ नका.