कुळगीचा खेकडा आणि ध्रुवीय अस्वल

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील कुळगी (कर्नाटक) परिसरात पाऊस स्थिरावला की ओढ्याकाठच्या बिळांतून गोड्या पाण्यातील खेकडे बाहेर पडतात. त्यांची तुलना आर्क्टिकच्या ध्रुवीय अस्वलाशी करणे विचित्र वाटले, तरी दोघांचेही जगणे ऋतूंना बांधलेले आहे. अस्वलाची गाभण मादी हिवाळ्यात बर्फात खणलेल्या गुहेत पिलांना जन्म देते आणि काही महिने उपाशी राहून, अंगातील चरबीवर, त्यांना पाजते. खेकड्याची मादी उलटी करून पाहिली, तर पोटाखाली दुमडलेली रुंद झडप, म्हणजे तिचे उदर, दिसते (नराची ती अरुंद असते). तिच्याआड ती अंडी जपते, आणि समुद्री खेकड्यांसारखी पाण्यात तरंगत जाणारी अळी-अवस्था येथे नसल्यामुळे अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो व काही काळ आईला बिलगून राहतो.

फरक पडतो तो येथेच. समुद्रावरील बर्फावरून अस्वल हजारो किलोमीटर भटकते, तर खेकड्याची प्रजा फारशी दूर पसरत नाही, आणि म्हणूनच पश्चिम घाटात लहानशा पट्ट्यांपुरत्या मर्यादित अशा अनेक जाती घडल्या. शेजारच्या यल्लापूर तालुक्यातील पांढरी-जांभळी ‘घाटियाना द्विवर्णा’ ही जात तर २०२२ मध्ये शास्त्राला माहीत झाली. बर्फ वितळल्याने अस्वलावर आलेले संकट जगाला ठाऊक आहे, परंतु गोड्या पाण्यातील १,३०० हून अधिक खेकडा-जातींपैकी कित्येकींचा धोका ठरवण्याइतकीही माहिती जमलेली नाही, आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण अशा जातीचा ओढा आटला, तर तिला दुसरीकडे जाता येत नाही.