हवेची खतावणी

किराणा दुकानातल्या वजनावर सरकारी शिक्का असतो. ‘मापात पाप’ होऊ नये म्हणून ही तजवीज. पण हवेत तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे कण तोलणाऱ्या यंत्राची पारख कशी करायची?

हे कण एकूण किती, एवढे कळून भागत नाही. त्यांत सल्फेट किती, नायट्रेट किती, सेंद्रिय पदार्थ किती, हे कळले तरच दोष कोळशाचा की वाहनांचा, याचा माग लागतो. त्यासाठीचे यंत्र हवा ओढून घेते, तिच्यातले कण सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापलेल्या धातूवर आदळवते आणि त्यांच्या वाफेतले विद्युतभारित तुकडे वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजते. काजळी आणि माती त्या उष्णतेला दाद देत नाहीत; त्यांची वही वेगळी.

यंत्राला कळतात ते विजेचे संकेत. मायक्रोग्रॅम त्याला शिकवावे लागतात. त्यासाठी अमोनियम नायट्रेटच्या पाण्याचे तुषार उडवून वाळवतात आणि त्यांतले नेमके ३०० नॅनोमीटरचे कण निवडतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले हे ३००! दुसरे यंत्र ते कण मोजते. आकार ठाऊक, संख्या ठाऊक, म्हणजे वजनही ठाऊक. ते संकेताशी ताडून पाहायचे.

एवढे करूनही ताळा लागतो का? २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसजवळच्या सिर्टा वेधशाळेत अशी १३ यंत्रे शेजारी शेजारी मांडून तीन आठवडे एकच हवा मोजली. यंत्रायंत्रांतल्या तफावतीमुळे येणारी अनिश्चितता एकूण वजनात ९ टक्के निघाली. नायट्रेटमध्ये १५, सेंद्रियात १९, सल्फेटमध्ये २८ आणि अमोनियममध्ये ३६!

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथे एकूण बेरीज जुळली की नवखा कारकून टिफिन उघडतो. जुना अधिकारी मात्र खतावणी उघडतो. बेरीज बरोबर असूनही एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडलेली असू शकते. हवेच्या हिशेबात तसे झाले, तर बंदी चुकीच्या धुरावर येईल, खऱ्या धुराची चिमणी चालू राहील आणि थंडीतल्या सकाळी नातवंडांचा खोकला तसाच राहील.

त्या शास्त्रज्ञांनी ३६चा आकडा झाकून ठेवला नाही, जगापुढे छापला. त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.