चित्ताचा मागें राहिलेला अंश

गेल्या सहामाही परीक्षेचे पेपर तपाशीत असतां माझ्या हातून एक चूक झाली. एका मुलाची भूमितींतील सिद्धता अगदीं बरोबर असूनही मीं तिच्यावर तांबडी फुली मारली. दुसऱ्या दिवशीं तो पेपर घेऊन मजकडे आला व कांहीं न बोलतां मान खालीं घालून उभा राहिला. मी ओशाळलों. पेपर तपाशीत असतां माझ्या शेजारीं मोबाइल होता आणि दर दोन उत्तरांमागें माझी दृष्टि तिकडे वळत होती, हें त्याला ठाऊक नव्हतें, मला होतें. त्या लाजेपोटीं जीं पुस्तकें मीं मिळवून वाचलीं, त्यांचा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचें योजिलें आहे.

ह्या पुस्तकांचे कर्ते कॅल न्यूपोर्ट हे अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठांत संगणकशास्त्राचे अध्यापक आहेत. यंत्राच्या मोहापासून सावध करणारा हा गृहस्थ यंत्रविद्येचाच पंडित असावा, याची मला मौज वाटली. आरंभीं त्यांनीं विद्यार्थ्यांकरितां अभ्यासाच्या रीतीविषयीं पुस्तकें लिहिलीं. परंतु त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें २०१६ सालच्या ‘डीप वर्क’ ह्या ग्रंथानें. त्यानंतर २०१९ सालीं ‘डिजिटल मिनिमलिझम’, २०२१ सालीं ‘अ वर्ल्ड विदाउट ईमेल’ व २०२४ सालीं ‘स्लो प्रॉडक्टिव्हिटी’ हीं पुस्तकें निघालीं. विद्यार्थ्यांच्या उपयोगाचीं त्यांतील पहिलीं दोन. पुढील दोन कचेरींत काम करणारांसाठीं आहेत.

आपण म्हणतों, ‘एकच मिनिट पाहिलें, त्यांत काय बिघडलें?’ मिनिटच गेलें असतें तर तक्रार नव्हती. सोफी लेरॉय ह्या विदुषीनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेलें एक संशोधन न्यूपोर्ट यांनीं ‘डीप वर्क’मध्यें सांगितलें आहे. तिनें कांहीं माणसांस शब्दांचीं कोडीं सोडवावयास दिलीं, मध्येंच थांबविलें व लागलीच दुसरें काम हातीं दिलें. ज्यांचें पहिलें काम अपुरें राहिलें, त्यांचें दुसरें काम उणें उतरलें. हात नव्या कामावर असतो, पण चित्ताचा कांहीं अंश जुन्यापाशींच घोटाळत राहतो. ताकाचें भांडें न घांसतां त्यांत दूध ओतावें, तसा हा प्रकार आहे. अर्धवट वाचलेला व उत्तर न दिलेला निरोप म्हणजे असें अपुरें कामच होय! गणित करीत असतां तो पाहिला, तर मोबाइल पालथा ठेवल्यावरही तो डोक्यांत उघडाच राहतो.

याच ग्रंथांत थिओडोर रूझवेल्ट यांची हकीकत आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ १८७६ सालीं हार्वर्ड कॉलेजांत दाखल झाले. मुष्टियुद्ध, नृत्य, पक्षिनिरीक्षण अशा नाना छंदांत ते रमत. १८७७ सालीं तर त्यांनीं पक्ष्यांवर एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. अभ्यासास तास थोडे उरत. पण त्या तासांत ते दुसरें कांहीं म्हणून पाहत नसत. ‘दिवसभर पुस्तक घेऊन बस’ असें सांगणाऱ्या पालकांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

न्यूपोर्ट यांचें आणखी एक म्हणणें मला फार पटलें. बसची वाट पाहतांना किंवा दुकानांतल्या रांगेंत, जेथें म्हणून क्षणभर कंटाळा येईल तेथें मोबाइल काढण्याची संवय जडली, तर त्याच मनाला अभ्यासाचे वेळीं एकदम स्थिर हो म्हणून कसें चालेल? ज्याला कंटाळा सोसतां येत नाहीं, त्याला अवघड उदाहरणही सोसत नाहीं.

दुसऱ्या पुस्तकांत त्यांनीं तीस दिवसांचा एक प्रयोग सांगितला आहे. ज्यावांचून अडत नाहीं अशीं सर्व डिजिटल साधनें महिनाभर बाजूस ठेवावीं, मोकळ्या झालेल्या वेळांत हस्तकौशल्य, वाचन, माणसांच्या भेटी यांस जागा द्यावी, आणि नंतर खरोखर उपयोगी ठरेल तेवढेंच परत घ्यावें. त्यांच्या आवाहनावरून १६०० हून अधिक लोकांनीं हा प्रयोग आरंभिला. त्या वेळाचें काय करावयाचें हें ज्यांनीं आधीं ठरविलें नव्हतें, त्यांतील अनेकांचा निश्चय ढळला.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘डीप वर्क’च्या आरंभींच कार्ल युंग यांनीं स्वित्झर्लंडमध्यें सरोवराकांठीं एकांतासाठीं बांधलेल्या दगडी घराचें वर्णन येतें. आमच्या कित्येक मुलांच्या घरीं दोन खोल्यांत पांच माणसें राहतात, आणि शाळेच्या सूचना त्याच मोबाइलवर येतात. ह्या अडचणीला ह्या पुस्तकांत उत्तर थोडें आहे.

हें मीं त्या भूमितीवाल्या मुलाजवळ बोललों. आतां त्याच्या घरीं सायंकाळीं सात ते आठ घरांतले तिन्ही मोबाइल तांदळाच्या डब्यावर, फळीवर ठेवितात. शाळेच्या सूचना आठनंतर पाहतात. पहिल्या आठवड्यांत सर्वांत अधिक वेळां फळीकडे उठून गेले ते वडील, असें तो हंसत सांगतो. पेपर तपासतांना माझाही मोबाइल आतां कपाटांत असतो, आणि किल्ली पत्नीजवळ.