अष्टक व बाइट
आठ बिटांच्या समूहाला संगणक-जालांच्या मानकांत अष्टक (ऑक्टेट) म्हणतात. व्यवहारात त्यालाच बाइट म्हटले जाते. आज या दोन्ही संज्ञा समानार्थी वाटत असल्या, तरी त्यांतील भेद एके काळी केवळ शाब्दिक नव्हता.

बाइट ही संज्ञा व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये, आयबीएम कंपनीच्या स्ट्रेच या संगणकाची आखणी चालू असताना योजिली. एकत्र हाताळावयाचा बिटांचा गट एवढाच तिचा मूळ अर्थ होता. बिटांची संख्या तीत निश्चित नव्हती. आयबीएमच्याच सिस्टिम/३६० या मालिकेमुळे (१९६४) आठ बिटांचा बाइट रूढ होऊ लागला. तथापि पीडीपी-१० या संगणकात शब्द ३६ बिटांचा असे व बाइट १ ते ३६ बिटांपर्यंत कोणत्याही लांबीचा घेता येई. मजकुरासाठी सामान्यतः सात बिटांचे पाच बाइट एका शब्दात बसवीत व एक बिट शिल्लक राही.

अशा भिन्न प्रकृतींचे संगणक परस्परांस जोडण्याचा प्रश्न अमेरिकेतील आर्पानेट या जालात १९६९ मध्ये उभा राहिला. त्याच्या पहिल्या चार केंद्रांतील संगणकांचे शब्द २४, ३२ व ३६ बिटांचे होते. शंभर बाइट पाठविले, एवढ्यावरून बिट किती हे ठरत नसेल, तर पुढील भाग कोठे सुरू होतो हे ग्राहक संगणकास कळत नाही. म्हणून सप्टेंबर १९८१ मधील आयपी व टीसीपी यांच्या मानकांत (आरएफसी ७९१ व ७९३) अष्टक हे माप स्वीकारले गेले. आयपी संदेशखंडाची लांबी जास्तीत जास्त ६५,५३५ अष्टके असू शकते. टीसीपीमध्ये तर प्रत्येक अष्टकास स्वतंत्र क्रमांक असतो. फ्रेंच भाषेत नित्याच्या व्यवहारातही ऑक्टेट हाच शब्द चालतो.

संख्या ठरली, तरी क्रमाचा वाद उरलाच. मोठ्या संख्येतील अधिक मूल्याचे अष्टक आधी पाठवावे की कमी मूल्याचे, यावर दोन पक्ष होते. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये त्यांना स्विफ्टच्या गलिव्हरकथेतील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्यांची नावे दिली. थट्टेने दिलेली ही नावेच पुढे पारिभाषिक ठरली. आयपीने अधिक मूल्याचे अष्टक प्रथम हा क्रम घेतला. अष्टकाच्या आतील बिटांबाबत मात्र एकमत झाले नाही. ईथरनेटमध्ये कमी मूल्याचा बिट प्रथम जाई, तर टोकन रिंगमध्ये अधिक मूल्याचा. त्यामुळे षोडशमान पद्धतीत १२ असे लिहिलेले अष्टक दुसऱ्या रीतीने ४८ वाचले जाई. दोन जालांना जोडणाऱ्या साधनाने शीर्षभागातील ४८ बिटांचा पत्ता उलटविला, तरी संदेशाच्या अंतर्भागात नमूद असलेला पत्ता तसाच राही व संदेश इष्ट स्थळी पोहोचत नसे.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने २००८ च्या मानकात बाइट हा शब्द आठ बिटांपुरताच वापरावा, अशी शिफारस केली. तथापि टीसीपीचे मानक २०२२ मध्ये नव्याने लिहिले गेले (आरएफसी ९२९३), तेव्हाही त्यात अष्टक हीच संज्ञा राखण्यात आली.